शेवटचे दहा मीटर

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचा एक मोठा फुगा तीन माणसांना घेऊन आकाशात चढला. गास्तों तिसांदिए, जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओदोर सिव्हेल ही ती तीन माणसे. उंचावर हवा विरळ होते आणि माणसाचे भान जाऊ लागते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी प्राणवायू मिसळलेल्या हवेच्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. पिशव्या लहान होत्या. पॉल बेर या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाला हे कळले तेव्हा त्याने साठा अपुरा असल्याचे पत्र धाडले. पण ते पत्र वेळेत पोचले नाही. साठा थोडा, म्हणून तिघांनी ठरवले की अगदी गरज भासेल तेव्हाच प्राणवायू वापरायचा.

गरज भासलीच नाही. साडेसात हजार मीटरच्या आसपास आपल्याला कसलाही त्रास होत नव्हता, उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता, असे तिसांदिएने पुढे लिहून ठेवले आहे. नळी तोंडात धरावी असे त्याच्या मनात आले तेव्हा हात उचलेना. मग शुद्ध गेली. फुगा सुमारे ८,६०० मीटरपर्यंत चढून खाली येऊ लागला, तिसांदिएला जाग आली, तेव्हा त्याचे दोघे सोबती मरण पावले होते.

श्वास रोखून पाण्यात बुडी मारणाऱ्यांविषयी लिहायचे आणि सुरुवात आकाशातल्या फुग्यापासून करायची, हे वाचकांना विचित्र वाटेल. पण या दोन्ही गोष्टींतले गणित एकच आहे. ८,६०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश असतो. पाण्यात दर दहा मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे वीस मीटर खोलीवर एकूण दाब तीन वातावरणे. तेथून पृष्ठभागावर येणारा बुडीवाला तीन वातावरणांतून एका वातावरणात येतो. त्याच्याही भोवतीचा दाब एक तृतीयांश होतो. ‘झेनिथ’ला या प्रवासाला दोनेक तास लागले. बुडीवाला तो वीस सेकंदांत उरकतो.

बेर याने १८७८ साली आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याचा निष्कर्ष असा की शरीराच्या दृष्टीने हवेत प्राणवायू किती टक्के आहे याला महत्त्व नाही. महत्त्व आहे त्याच्या आंशिक दाबाला. हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाएवढा धरला आणि त्यात प्राणवायू २१ टक्के, तर प्राणवायूच्या वाट्याचा दाब सुमारे १६० मिलिमीटर. फुफ्फुसातल्या वायुकोशांत पाण्याची वाफ आणि कार्बन डायॉक्साइड यांचाही वाटा असतो, म्हणून तेथे तो सुमारे १०० उरतो. हा आकडा तिसाच्या आसपास आला की मेंदूचे काम थांबते. डोंगरावर महिनाभर राहिलेल्या माणसाचे शरीर कमी दाबाशी थोडेफार जुळवून घेते. फुग्यातल्या किंवा पाण्यातल्या माणसाला तेवढी सवड मिळत नाही.

मग प्रश्न असा की प्राणवायू इतका कमी होईपर्यंत शरीर गप्प का बसते? दम कोंडला की छातीत जी असह्य तगमग होते ती कशाची?

याचे उत्तर १९०५ साली इंग्लंडमध्ये मिळाले. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जे. जी. प्रिस्टली (प्राणवायू शोधणारा जोसेफ प्रिस्टली तो वेगळा, दीडशे वर्षे आधीचा नसला तरी शंभरावर वर्षे आधीचा) यांनी वायुकोशांतली हवा गोळा करून तपासली. माणूस विश्रांती घेत असो वा हालचाल करीत असो, उंचावर असो वा खाणीत, त्या हवेतील कार्बन डायॉक्साइडचा दाब जवळजवळ स्थिर, सुमारे ४० मिलिमीटर असतो असे त्यांना आढळले. तो जरासा वाढला की श्वास जोरात चालू लागतो. उतरला की श्वास मंदावतो. रोजच्या जगण्यात श्वासाचा लगाम कार्बन डायॉक्साइडच्या हाती असतो. प्राणवायू कमी पडल्याची दखल घेणारी यंत्रणाही शरीरात आहे, पण ती उशिरा जागी होते, आणि कार्बन डायॉक्साइड उतरलेला असेल तर तिचा आवाज फारच क्षीण असतो.

आता एखाद्याने बुडी मारण्यापूर्वी मिनिटभर भराभर, खोल श्वास घेतले तर काय होते ते पाहू. अशा श्वासांनी ‘भरपूर प्राणवायू साठवला’ अशी समजूत फार जुनी आणि सार्वत्रिक आहे. पण रक्तातील हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेले असते. त्यात आणखी काय भरणार? फुफ्फुसातला प्राणवायू थोडा वाढतो, एवढेच. खरा फरक पडतो तो कार्बन डायॉक्साइडमध्ये. तो चाळिसावरून विसापर्यंतही उतरू शकतो. परिणामी तगमग सुरू व्हायला उशीर लागतो, आणि तेवढ्या वेळात प्राणवायू मात्र नेहमीच्याच वेगाने संपत राहतो. गजर अर्धा तास पुढे ढकलला म्हणून गाडी काही अर्धा तास उशिरा सुटत नाही.

१९०९ साली डग्लस आणि हॉल्डेन यांनी दोन मिनिटे जोरजोरात श्वास घेतल्यावर काय होते ते स्वतःवरच पाहिले. त्यानंतर कितीतरी वेळ श्वास घ्यावासाच वाटत नाही, आणि तोवर चेहरा निळसर पडू लागतो. वर्गात हा प्रयोग करून दाखवण्याचा मोह कोणाही शिक्षकाला होऊ नये, असे आम्हाला वाटते.

हॉल्डेन पितापुत्रांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. थोरल्या हॉल्डेनने आपल्या लहान मुलाला कोळशाच्या खाणीत नेले, मिथेन साठलेल्या एका जागी उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातले मार्क अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून छताजवळ साचतो आणि तेथे प्राणवायूला जागा उरत नाही. मुलगा भाषण म्हणता म्हणता कोसळला, आणि जमिनीलगतच्या बऱ्या हवेत पडल्या पडल्या सावरला. हा मुलगा म्हणजेच पुढे १९५७ साली भारतात येऊन राहिलेले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारलेले जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. गोष्टीतला आपल्या कामाचा भाग हा, की भाषण म्हणणाऱ्याला आपण आता पडणार हे कळत नाही.

अलीकडे हाच अनुभव आपल्याकडे घराघरांत आला. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या काही रुग्णांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडा ७५-८० दिसे आणि रुग्ण मात्र फोनवर बोलत असे. रक्तातला कार्बन डायॉक्साइड वाढलेला नसल्यामुळे धाप जाणवत नव्हती, हे त्यामागचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. हॉल्डेन आणि प्रिस्टली यांच्या प्रयोगाला तेव्हा एकशे पंधरा वर्षे झाली होती.

पाण्याखालच्या बेशुद्धीचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हायला मात्र बराच वेळ गेला, आणि नावामुळे थोडा गोंधळही झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराचे पाणबुडे शुद्ध प्राणवायूची बंदिस्त उपकरणे वापरीत. त्यांच्यातले काही जण उथळ पाण्यातच बेशुद्ध पडत. बार्लो आणि मॅकिंटॉश यांनी १९४४ साली याचा छडा लावला. उपकरणात कार्बन डायॉक्साइड साचत होता. या प्रकाराला ‘शॅलो वॉटर ब्लॅकआउट’, म्हणजे उथळ पाण्यातली बेशुद्धी, असे नाव पडले. पुढे तेच नाव श्वास रोखून पोहणाऱ्यांच्या बेशुद्धीलाही चिकटले. एकीकडे कार्बन डायॉक्साइड जास्त, दुसरीकडे गरजेपेक्षा कमी, आणि नाव एकच! शास्त्रातले शब्द असे कधीकधी चुकीच्या घरी राहायला जातात.

१९६१ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या आल्बर्ट क्रेग यांनी पोहण्याच्या तलावांत बेशुद्ध पडून वाचलेल्यांचे अनुभव गोळा केले. त्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या. पाण्यात शिरण्यापूर्वी जोरात श्वास घेतलेले असत, पाण्याखाली हातपाय मारण्याचे श्रम होत, आणि कोणाशी तरी किंवा स्वतःशीच पैज असे. शुद्ध जाण्यापूर्वी काही विशेष जाणवल्याचे फार थोड्यांना आठवत होते. मग क्रेग यांनी प्रयोगशाळेत, कोरड्या जागी, स्वयंसेवकांना श्वास रोखायला लावले. बसल्या जागी नेहमीसारखा श्वास घेऊन सरासरी ८७ सेकंद दम धरता आला, तर जोरदार श्वसनानंतर १४६ सेकंद. दुसऱ्या वेळी दम सुटला तेव्हा फुफ्फुसातल्या प्राणवायूचा दाब बराच खाली गेलेला होता. व्यायाम करताना तर जोरदार श्वसनानंतर तो ४३ मिलिमीटरपर्यंत उतरला. तिसाची बेशुद्धीची रेषा तेथून दूर नव्हती. क्रेग यांनी १९७६ साली अशा ५८ घटनांचा आढावा प्रसिद्ध केला.

क्रेग यांचे पोहणारे उथळ तलावातले होते. खोल बुडी मारणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे, ती १९६३ साली एडवर्ड लॅनफिअर आणि हर्मन राहन यांनी दाबकक्षात श्वास रोखायला लावून मोजली. खाली जाताना छाती दबते, फुफ्फुसातली हवा आकुंचन पावते, आणि तिच्यातल्या प्रत्येक वायूचा आंशिक दाब वाढतो. त्यामुळे प्राणवायू रक्तात जोमाने शिरतो. तळाशी बुडीवाल्याला अगदी बरे वाटते. हे बरे वाटणे उसने असते. समजा, वीस मीटरवर त्याच्या फुफ्फुसात फक्त ४ टक्के प्राणवायू उरला आहे. तीन वातावरणांच्या दाबाखाली, पाण्याच्या वाफेचा वाटा वजा करून, त्याचा आंशिक दाब सुमारे ८९ मिलिमीटर भरतो. जमिनीवर सुखाने बसलेल्या माणसापेक्षा थोडासाच कमी! तो वर निघतो. दहा मीटरवर तोच आकडा ५९ होतो. पृष्ठभागापाशी तो २९ देखील राहत नाही. वाटेत त्याने प्राणवायूचा एक कणही वापरला नाही असे धरून हा हिशेब केला आहे, आणि तो तर पाय मारत वर येत असतो. फुफ्फुसातला दाब रक्तातल्या दाबाच्याही खाली गेला, की प्राणवायू रक्तातून उलट फुफ्फुसाकडे वाहू लागतो.

वीसवरून दहा मीटरवर येताना दाब तीनाचा दोन होतो, म्हणजे एक तृतीयांशाने घटतो. दहावरून शून्यावर येताना तो निम्मा होतो. म्हणून सगळा घात बहुधा शेवटच्या दहा मीटरमध्ये, किंवा पृष्ठभागावर डोके काढल्यावर होतो. वर्गात हे दाखवायला सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी पुरेशी आहे. तोंडावर बोट दाबून दट्ट्या अर्ध्यापर्यंत ढकलायचा; आतल्या हवेचा दाब दुप्पट झाला, म्हणजे आपण दहा मीटरवर पोचलो. दट्ट्या सोडून दिला की तो मागे येतो, तेच शेवटचे दहा मीटर. फळ्यावर वरचे आकडे मुलांकडून काढून घेतले तर बॉइलचा नियम आणि आंशिक दाब हे दोन्ही एका तासात होतात.

हे गणित माहीत नसताना माणसे हजारो वर्षे बुड्या मारत होती. ती कशी वाचत होती? पहिले उत्तर साधे आहे: दोर. मन्नारच्या आखातात मोती काढणारा पाणबुड्या पायाला दगड अडकवून सुसाट खाली जाई, शिंपले पिशवीत भरी, आणि होडीवरचा त्याचा सोबती त्याला दोराने वर ओढून घेई. इराणच्या आखातात बुडी मारणाऱ्याला ‘घैस’ आणि ओढणाऱ्याला ‘सैब’ म्हणत. ओढणाऱ्याचे काम केवळ मजुरीचे नव्हते. दगडामुळे खाली जाण्याचे श्रम वाचत, ओढून घेतल्यामुळे वर येण्याचे श्रम वाचत, म्हणजे प्राणवायू वाचे. आणि दोराच्या वरच्या टोकाला शुद्धीवर असलेला एक माणूस कायम असे.

जपानच्या ‘आमा’ आणि कोरियाच्या ‘हेन्यो’ या बुडी मारणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास या दृष्टीने फार मोलाचा आहे. जपानच्या तेरुओका यांनी १९३२ साली तो सुरू केला आणि सोलचे सुक की होंग व राहन यांनी १९६० नंतर पुढे नेला. जपानी आमांमध्ये दोन प्रकार असत. ‘काचिदो’ एकटीने, स्वतःच्या बळावर पाच-सात मीटर बुडी मारते. साधारण अर्धा मिनिट पाण्याखाली, अर्धा मिनिट वर तरंगत विश्रांती. ‘फुनादो’ वजन धरून वीसेक मीटर खाली जाते, आणि होडीवरचा मदतनीस, बहुधा नवराच, तिला दोराने ओढून घेतो. मिनिटभराची बुडी, मिनिटभराची विश्रांती. बुडीपूर्वी या स्त्रिया पाच-दहा सेकंद थोडे जोरात श्वास घेतात, त्याहून अधिक नाही. आणि शेवटचा श्वासही छाती फुटेपर्यंत भरत नाहीत. दिवसभर हेच काम करायचे असल्यामुळे एका बुडीत विक्रम करण्याची त्यांना गरजच नसते. आमच्या मते त्यांच्या सुरक्षिततेचे खरे रहस्य या मिनिटाच्या शिस्तीत आहे, कोणत्याही अचाट फुफ्फुसात नाही.

वर आल्यावर त्या एक शीळ घालतात. ओठ चिमटून श्वास सोडल्याचा तो लांब, करुण आवाज जपानीत ‘इसोबुए’ आणि कोरियात ‘सुम्बिसोरी’ म्हणून ओळखला जातो. जपानच्या पर्यावरण खात्याने १९९६ साली देशातले जपावेत असे शंभर ध्वनी निवडले, त्यांत इसे-शिमाच्या आमांची ही शीळ आहे. जेजू बेटावरच्या हेन्योंची संस्कृती २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेली. ओठ चिमटल्यामुळे श्वास हळू सुटतो आणि छातीतला दाब एकदम उतरत नाही. शीळ ऐकू आली म्हणजे बाई वर आली, हेही आजूबाजूच्या सोबतिणींना आपोआप कळते.

सोबतीशिवाय आणि शिस्तीशिवाय काय होते याचे उदाहरण प्रशांत महासागरातील तुआमोतू बेटांवर मिळते. ताकारोआच्या खाजणात १९५० नंतरच्या दशकात एका दिवशी २३५ बुडीवाले काम करत होते. त्यांपैकी ४७ जणांना त्या एकाच दिवशी बाधा झाली. दोन मेले, सहा जणांना कमी-अधिक लकवा झाला. स्थानिक भाषेत याला ‘तारावाना’ म्हणतात. यातला मोठा वाटा रक्तातल्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा मानला जातो, म्हणजे आजार वेगळा. पण मांगारेव्हाचे लोक बुड्यांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटे विश्रांती घेत, आणि त्यांच्याकडे हा आजार नव्हता.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बुडी मारणे हा काहींचा खेळ झाला. १९४९ साली इटलीच्या रायमोंदो बुखेर यांनी काप्रीजवळ तीस मीटर गाठले, तेव्हा छाती चेपून माणूस मरेल असे डॉक्टर सांगत होते. १९७६ साली फ्रान्सच्या झाक मायोल यांनी एल्बा बेटाजवळ शंभर मीटर गाठले. १९९२ साली या खेळाची ‘आयडा’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. विक्रमांच्या तपशिलात आम्ही शिरत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या खेळाला बेशुद्धीशी रोजचा सामना करावा लागला आणि त्यातून संकटकाळी करायच्या काही कृती घासूनपुसून तयार झाल्या.

वर येताना दम संपल्यासारखे वाटले तर कमरेचा वजनाचा पट्टा सोडून द्यायचा. त्याची कडी एका हाताने सुटेल अशी असते. पट्टा पाण्यात गेला तर जातो. शुद्ध गेली तरी शरीर वर येते. त्यासाठी वजनही बेताने बांधायचे, इतके की निदान शेवटच्या दहा मीटरमध्ये माणूस आपोआप वर तरंगावा. वर येताना हवा सोडायची नाही. नळकांडे पाठीवर घेऊन उतरणाऱ्या पाणबुड्याला बरोबर याच्या उलट शिकवतात, कारण त्याने खोलवर दाबाखालची हवा छातीत घेतलेली असते आणि ती रोखली तर फुफ्फुस फाटते. श्वास रोखून गेलेल्याने मात्र पृष्ठभागावरचीच हवा नेलेली असते. ती फुगून पूर्वीएवढीच होते, आणि सोडली तर उरलासुरला प्राणवायू गेला.

पृष्ठभागावर आल्यावरचे क्षण तर अधिकच नाजूक. पहिला श्वास घेतल्यापासून तो प्राणवायू रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. तोवर मेंदूला पोचत असते ते आधीच फुफ्फुसातून निघालेले, प्राणवायू आटलेले रक्त. हसऱ्या चेहऱ्याने वर आलेला माणूस दहा सेकंदांनी मान टाकतो तो यामुळे. काहींची शुद्ध पूर्ण जात नाही, पण डोके आणि हात थडथड उडतात. खेळाडू त्याला ‘सांबा’ म्हणतात. यावर शिकवली जाणारी युक्ती अशी: वर आल्याबरोबर मोठा ‘हुश्श’ करायचा नाही. थोडीशी हवा सहज सोडायची, झटकन छातीभर श्वास घ्यायचा, घसा बंद करून सेकंद-दोन सेकंद छातीवर हलका दाब ठेवायचा, पुन्हा थोडी हवा सोडायची. असे पाच-सहा वेळा. मधले दाब ठेवणे हे लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या युक्तीशी जुळते. दुसऱ्या महायुद्धात मेयो क्लिनिकमध्ये अर्ल वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तीव्र वळणात मेंदूतले रक्त उतरून शुद्ध जाऊ नये म्हणून, स्नायू ताणून घसा अर्धवट मिटून जोर करण्याची पद्धत बसवली होती.

या दाबामुळे ‘फुफ्फुसातला प्राणवायू रक्तात ढकलला जातो’ असे सांगितले जाते, ते आम्हाला तितकेसे पटत नाही. छातीत पाऱ्याचे ४० मिलिमीटर इतका जोर केला, तरी त्यातला प्राणवायूचा वाटा पाच-सहा मिलिमीटरच भरेल. रक्तदाब टिकून राहतो हे कारण अधिक संभवते. आणि जोर फार वेळ धरला तर हृदयाकडे परतणारे रक्त अडून चक्कर येते. तेव्हा उपयोग आहे तो मुख्यतः पहिल्या श्वासाची घाई करण्याचा आणि लांब उच्छ्वास टाळण्याचा.

पण स्वतः करायच्या सगळ्या युक्त्यांना एक मर्यादा आहे: शुद्ध गेली की त्या संपल्या. मग उरतो तो सोबती. एक पाण्याखाली, तर दुसरा वर पाहत, ही या खेळाची पहिली अट असते. सोबत्याने बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर धरायचे, चष्मा आणि नाकाचा चिमटा काढायचा, गालांवर आणि डोळ्यांखाली फुंकर मारायची, थोपटायचे, नावाने हाक मारून ‘श्वास घे’ म्हणायचे. बेशुद्धीच्या पहिल्या काळात घसा बहुधा मिटलेला असतो, त्यामुळे पाणी लगेच आत जात नाही; चेहऱ्याच्या त्वचेला हवा लागली की श्वास सुरू होण्यास मदत होते. दहाएक सेकंदांत प्रतिसाद नाही, तर तोंडाने तोंडात दोन श्वास द्यायचे आणि माणसाला पाण्याबाहेर काढायचे. आपल्या उच्छ्वासात सोळा टक्क्यांच्या आसपास प्राणवायू शिल्लक असतो. ज्याच्या छातीत चार टक्के उरला आहे त्याला तो पुष्कळ. त्यानंतर, शुद्धीवर आला तरी, डॉक्टरकडे.

स्पर्धांमध्ये खोल जाणाऱ्याच्या मनगटाला एक आखूड दोरी असते, ती तळापर्यंत सोडलेल्या मुख्य दोराला अडकवलेली असते. गरज पडली तर तो दोरच वर ओढता येतो. शेवटच्या तीसेक मीटरमध्ये सोबती सामोरे जातात. मन्नारचा दोर आणि आखातातला सैब अशा रीतीने परत आले आहेत.

तलावांत आणि विहिरींत मात्र दोरही नसतो आणि अनेकदा पाहणाराही. न्यूयॉर्क राज्यात १९८८ ते २०११ या काळात श्वास रोखून धरण्याच्या खेळांतून बुडण्याच्या १६ घटना नोंदल्या गेल्या. त्यांत चार मृत्यू होते. यातले बहुतेक जण चांगले पोहणारे होते, आणि हे स्वाभाविकच आहे. कच्चा पोहणारा पाण्याखाली दुसरी फेरी मारायला जातच नाही. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुटीत गावोगावच्या विहिरींवर ‘कोण जास्त वेळ बुडून राहतो’ हा खेळ रंगतो, तळाशी टाकलेला दगड किंवा नाणे शोधून आणण्याची पैज लागते. काठावरून मोजणारी मुले आकडे मोठ्याने म्हणत असतात. खाली बसलेला मुलगा जितका शांत, तितका तो पैज जिंकतो आहे असे त्यांना वाटते. बेशुद्ध मुलगाही तितकाच शांत असतो. त्यातून आधी छाती भरभरून वीस-पंचवीस श्वास घ्यायचा सल्ला देणारा एखादा थोरला भाऊ बहुतेक विहिरींवर भेटतो.

आयडाच्या स्पर्धेत वर आलेल्या खेळाडूने पंधरा सेकंदांच्या आत चेहऱ्यावरची साधने काढायची, बोटांनी ‘ठीक’ अशी खूण करायची आणि तोंडाने ‘मी ठीक आहे’ असे म्हणायचे, असा नियम आहे. क्रम चुकला किंवा वेळ गेला तर कितीही खोल गेलेला असो, बुडी बाद. पंचाने पांढरे कार्ड दाखवले तरी सोबत्याने त्यानंतर हलायचे नसते. वर आल्यापासून पुरती तीस सेकंदे त्याने त्या चेहऱ्याकडे, ओठांच्या रंगाकडे पाहत राहायचे असते.